शहर वसवायची घाई

आमचे चिरंजीव संगणकावर संस्कृती उभारतात. 1991चा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ इ.स.पू. 4000ला सुरू होतो. त्याआधीची लाखो वर्षं ओपनिंग बॅलन्समध्ये निरंक! 2021च्या ‘ह्युमनकाइंड’मध्ये भटकी टोळी मिळते खरी, पण मॅमथ मारा, माणसं वाढवा, की लागलीच चला शहर वसवायला. माझी सक्त हरकत आहे. भटकणं म्हणजे काय बिगरी यत्ता? आमच्याकडचे माण-आटपाडीचे धनगर पाऊस सरला की मेंढरं घेऊन निघतात. गवत कुठं, पाणी कुठं, परतायचं कधी, सगळा हिशेब डोक्यात. तो डाव मांडा ना! (आमची साताऱ्याहून सांगलीला बदली झाली, तर सामान बांधण्यातच आठवडा गेला.)

“पण बाबा, त्यात जिंकायचं कसं?”

पुढच्या पावसाला सगळी मेंढरं घेऊन परत ये की, लेका!