इंग्रजी शब्दांचें गोत

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्यासाठीं मुलांनीं काय करावें, असें विचारणारीं पत्रें आमच्याकडे वरचेवर येतात. बहुतेक पत्रांतून एकच उपाय योजलेला दिसतो: समानार्थी शब्दांच्या याद्या, रोज वीस शब्द, तोंडपाठ! अशा पाठांतराचें फळ नुकतेंच आमच्या पाहण्यांत आलें. एका हुशार विद्यार्थ्यानें शिष्यवृत्तीच्या अर्जांत लिहिलें होतें कीं, आपलें गांव जुन्या देवळांविषयीं 'नटोरियस' आहे. यादींत 'फेमस' या शब्दाशेजारीं तो होता, म्हणून त्यानें विश्वासानें उचलला. अर्ज वाचणारास मात्र तें गांव कुप्रसिद्ध ठरलें. मुलाचा दोष थोडा. यादीनें त्याला शब्दाचें नांव सांगितलें, स्वभाव सांगितला नाहीं.

इंग्रजींत एका अर्थाचे इतके शब्द कां, हें उमगलें म्हणजे निम्में काम होतें. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतर बराच काळ दरबारची भाषा फ्रेंच, विद्येची लॅटिन, आणि शेतकऱ्याच्या तोंडीं जुनी इंग्रजी, अशी स्थिति होती. म्हणून 'आस्क' हा घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचांतून आलेला आणि 'इंटरॉगेट' लॅटिनचा. पहिल्यानें आई विचारते, तिसऱ्यानें पोलीस. स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' कादंबरींत पहिल्याच प्रकरणांत एक विदूषक हा भेद जनावरांवरून समजावून देतो: राखणाऱ्याकडे असेपर्यंत तें 'स्वाइन', धन्याच्या ताटांत पडलें कीं 'पोर्क'. (दृष्टांत आपल्या स्वयंपाकघरांतला नव्हे खरा, पण चपखल आहे.)

आपल्याकडे तरी निराळें काय आहे? जेवण, भोजन, मेजवानी. पहिला शब्द देशी, दुसरा संस्कृत, तिसरा फारसीवरून आलेला. श्राद्धाच्या ब्राह्मणांस मेजवानी दिली असें कोणी म्हटलें, तर घरांतील सहा वर्षांची मुलगीहि हसेल. तिला हें कोणीं शिकविलें? शब्द तिनें प्रसंगासह ऐकले, एवढेंच.

विरुद्धार्थी शब्दांची गोष्ट याहून फसवी. आरंभीं 'इन्' लागला कीं अर्थ उलटला, असा समज शाळेंतच मनांत बसतो. पण 'इन्व्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे. ज्याचें मोल करतां येत नाहीं असा, आपल्या 'अमूल्य' शब्दाचा तो सख्खा भाऊ आहे. 'इन्फ्लेमेबल' याचा अर्थ तर झटकन् पेट घेणारें. तेथील 'इन्' निषेधाचा नाहींच. पिंपावर तो शब्द वाचून कोणी निर्धास्तपणें काडी ओढूं नये, म्हणून 'फ्लेमेबल' असें लिहिण्याचा प्रघात पडला.

वाक्प्रचारांविषयीं थोडक्यांत सांगतों. 'किक् द बकेट' म्हणजे मरणें, इतकेंच पुस्तकांत दिलेलें असतें. सांत्वनपर पत्रांत तो घालणें म्हणजे 'आपले वडील गचकल्याचें कळलें' असें लिहिणें होय!

उसन्या शब्दांत मात्र आपल्या मुलांस खरी मौज आहे. 'लूट' इंग्रजींत तशीच्या तशी गेली. 'मंगूस' तर आपल्या मुंगसावरूनच गेलेला. म्हणून त्याचें अनेकवचन 'मंगूसेस'. 'गूस' या पक्ष्याचें 'गीस' होतें, पण मुंगसाचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. 'शॅम्पू' मूळचा इकडील चांपण्याचा, म्हणजे अंग रगडण्याचा. तिकडे जाऊन केस धुण्याचा झाला आणि बाटलींत बसून परत आला. अशा शब्दांचा यूल व बर्नेल यांनीं केलेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ मध्यें प्रसिद्ध झाला. तो सुटींत मुलांच्या हातीं द्यावा. कोशापेक्षां गप्पांसारखाच वाचला जातो.

रॉजेचा १८५२ मधील 'थिसॉरस' मात्र जपून द्यावा. मनांत कल्पना आहे, शब्द आठवत नाहीं, अशा वेळीं तो उपयोगी. अनोळखी शब्दांची सोयरीक जुळविण्यास नव्हे.

आतां वहीविषयीं. डावीकडे शब्द व उजवीकडे अर्थ, ही रीत सोडून द्यावी. शब्द ज्या वाक्यांत भेटला तें वाक्य पूर्ण उतरून घ्यावें, आणि तें कोण कोणास म्हणत आहे, रागानें कीं थट्टेनें, हेंहि खालीं लिहावें. रोज वीस नकोत, दोन पुरेत.