बिनतारी गाडी जोडली जात नाही? आधी सेल पाहा!

शेतकरी बंधू-भगिनींनो,

परवा हरभऱ्यात घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावून दाखवायला एका वाडीवर गेलो होतो. काम आटोपून चहाला ओसरीवर बसलो, तर आठवीतली मुलगी कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली. पुढ्यात चार चाकांची छोटी यंत्रगाडी. मोबाइलवरून बिनतारी चालवायची, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात न्यायची. वडील म्हणाले, "साहेब, हजार रुपये पाण्यात गेले. कालच नवी ब्लूटूथची पट्टी आणली, तरी फोनला जोडत नाही. आता टाका म्हणतो उकिरड्यावर!"

मी शेतकीचा पदवीधर. हे माझे शास्त्र नव्हे. पण माझ्या मुलाने अशीच गाडी केली होती, तेव्हा मीही दोन पट्ट्या उगाच विकत आणल्या होत्या. त्या फजितीतून जे शिकलो ते आज सांगतो. कारण आता ही खेळणी गावोगावच्या शाळांतून आली आहेत.

अशा गाडीत बहुधा अर्डुइनो नावाचा बोर्ड असतो, तो गाडीचा मेंदू. एचसी-०५ नावाची ब्लूटूथची पट्टी हा तिचा कान. मोटारींना वीज देणारी पट्टी वेगळी. दोष शोधायचा तो क्रमाने, विजेपासून सुरुवात करून. विहिरीवरची मोटार बंद पडली तर आपण आधी फ्यूज पाहतो, पंप खोलत नाही, तसेच हे.

पहिले, वीज. पट्टीवरचा बारीक दिवा लागतो का? लागत नसेल तर सेल आणि तारा पाहा. लागत असेल, पण गाडी पुढे जा म्हणताच जोडणी तुटत असेल, तर सेल कमी पडतो आहे. चौकोनी ९ व्होल्टचा सेल मोटारींना पुरत नाही. मोटारी सुरू होताच दाब पडतो, बोर्ड विझून पुन्हा सुरू होतो आणि जोडणी जाते. मोटारींना वेगळे सेल द्या. मात्र दोन्हीकडच्या उणे बाजूच्या तारा एकत्र जोडायला विसरू नका.

दुसरे, दिव्याची भाषा. भरभर लुकलुकत असेल तर पट्टी फोनची वाट पाहते आहे. दोनदा लुकलुकून थांबत असेल तर ती कोणाशी तरी जोडलेली आहे. ती एका वेळी एकाच फोनशी बोलते, म्हणून घरातले बाकीचे फोन तपासा. दोन-दोन सेकंद पेटत-विझत असेल तर चालू करताना तिचे बटण दाबले गेले आहे. बंद करून, बटणाला हात न लावता पुन्हा चालू करा.

तिसरे, फोन. आधी फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथची ओळख करून द्यायची. आकडा बहुधा १२३४ किंवा ०००० असतो. मग ॲपमधून जोडायचे. सोयरीक ठरणे वेगळे आणि लग्न लागणे वेगळे! अँड्रॉइड १२ पासूनच्या फोनवर ॲपला 'जवळपासची डिव्हाइस' ही परवानगी लागते. त्याआधीच्या फोनवर शोध घेताना लोकेशन चालू ठेवून पाहावे. आयफोनशी मात्र ही पट्टी जोडली जात नाही. तिथे पट्टीला दोष देऊ नये.

चौथे, तारा. फोन जोडला, पण गाडी ढिम्म, असे असेल तर बोलण्याची तार ऐकण्याच्या जागी हवी: टीएक्स आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला. पट्टीचे आरएक्स टोक ३.३ व्होल्टचे आहे, बोर्ड ५ व्होल्ट देतो. म्हणून मध्ये १ आणि २ किलोओहमचे रोधक घालून दाब उतरवावा. या तारा बोर्डाच्या ० आणि १ या टोकांना असतील तर प्रोग्रॅम भरताना काढून ठेवाव्यात.

सगळ्यात महत्त्वाचे, एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. खत आणि फवारणी एकाच दिवशी केली, तर पीक कशाने सुधारले हे कळत नाही. म्हणून आपण प्रात्यक्षिकाच्या प्लॉटशेजारी एक पट्टा तसाच ठेवतो.

त्या मुलीची गाडी जोडली जात होती, पण चालताक्षणी तुटत होती. दोष सेलचाच. घड्याळाचे आणि टॉर्चचे मिळून चार पेन्सिल सेल मोटारींना लावले आणि गाडी ओसरीभर फिरली. जुनी पट्टीही चांगलीच निघाली! वडील गप्प झाले, मग म्हणाले, "पोरी, तू बरोबरच केलं होतंस."

मंडळी, हेच वाक्य लवकर म्हणा. वस्तू जोडली गेली नाही म्हणून पोराची अक्कल काढू नका, त्याच्याशेजारी बसून "दिवा लागतो का?" एवढे विचारा. घरातल्या विजेच्या प्लगशी मात्र मुलांना खटपट करू देऊ नका.

आणि पंपाचा मोबाइल स्टार्टर ऐकत नसेल तेव्हाही हाच क्रम: आधी वीज, मग दिवा, मग सिमची रेंज आणि रिचार्ज. पेटी उघडायची ती वायरमनने, मेन स्विच बंद करून.

तुमचा,
कृषी विस्तार अधिकारी