मेंदूतली दाढ

शुक्रवारी दुपारी डेस्कवर सँडविच खात होते, तेवढ्यात ताईचा फोन. "अगं, एमआरआयमध्ये दाढ दिसली म्हणे!" मला वाटलं, नेटवर्कचा घोळ. दहा महिन्यांच्या पोरीला कसली आलीये दाढ?

चिऊ मान धरत नव्हती. डोळे मधूनच भिरभिरायचे. झोपेतून उठली की धापा टाकल्यासारखा श्वास, मग एकदम थांबायचा. एके ठिकाणी सीटी स्कॅन केला, रिपोर्ट 'नॉर्मल'. मग सुरू झालं, "काही मुलं उशिरा करतात हो!" (मीही म्हटलं होतं. आता लाज वाटते.)

शेवटी मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय सांगितला. त्या ठणठणाटात बाळानं जराही हलायचं नाही, म्हणून भूल देणारे डॉक्टर सोबत. ताई बाहेर माझा हात पिळत बसलेली.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मीही गेले. स्क्रीनवर मेंदूचा आडवा छेद आणि मधोमध खरंच दाढ, टूथपेस्टच्या जाहिरातीतली असते तश्शी! लहान मेंदूच्या दोन भागांमधला पट्टा नीट वाढलाच नव्हता. लहान मेंदूतून वर जाणारे दोन दोर जाड, लांब आणि जवळजवळ आडवे झालेले. तीच दाढेची मुळं. सीटीत हा भाग कवटीच्या जाड हाडांमुळे धूसर येतो, त्यामुळे खूण निसटू शकते.

आजाराचं नाव जूबेर सिंड्रोम. मारी जूबेर यांनी १९६९ मध्ये माँट्रियलला एकाच घरातल्या चार भावंडांवरून तो मांडला. 'दाढ' हे नाव मात्र १९९७ चं, एमआरआय रुळल्यानंतरचं.

"नाव कळून काय उपयोग? औषध आहे का?" ताईनं थेट विचारलं.

बरं करणारं औषध नाही, डॉक्टर म्हणाले. पण या आजारात डोळ्यांचा पडदा, किडनी, लिव्हर गुपचूप बिघडू शकतात. माहीत असेल तर वेळेवर पकडता येतं. शिवाय तो बहुतेक वेळा आईवडील दोघांकडून येतो, म्हणजे पुढच्या बाळाला चारात एक शक्यता. यावर ताई-भाऊजी काहीच बोलले नाहीत.

आता त्यांच्या फ्रिजवर तक्ता आहे : डोळे, सोनोग्राफी, रक्त, फिजिओ. शनिवारी सकाळची नऊची फिजिओ माझ्याकडे, त्यामुळे फ्रायडे नाइटचे प्लॅन्स बंद. गेल्या शनिवारी चिऊनं मान धरली. तीन सेकंद. मी मोजले.