धुपाटणे हाती येण्यापूर्वी

या सदरात एरवी मी शब्दांच्या खोड्या काढीत असतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. आज मात्र एका ट्रकची खोड सांगणार आहे. निमित्त दिवाळीचेच. चकल्या-कडबोळी तळून झाली की कढईत उरलेल्या तेलाचे करायचे काय, हा प्रश्न सध्या घरोघर पडला असेल. आमच्या घरी तो गेली तीन वर्षे पडत नाही. ते तेल माझा धाकटा भाऊ आप्पा घेऊन जातो आणि त्यावर ट्रक चालवतो!

हसू नका. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डीझेल जातीचे एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर इंजिने चालविली. करंज तर आपल्या ओढ्याकाठचेच झाड. तेव्हा आप्पाचे वेड अगदीच निराधार नव्हे.

आप्पा सूसला राहतो. २०२१ साली सूस पुणे महापालिकेत आले, पण आमच्या तोंडी अजून मुळशीतले सूसच आहे. चांगली कारखान्यातली नोकरी सोडून त्याने एक जुना ट्रक घेतला, परिवहन खात्याची रीतसर परवानगी काढून तो तेलावर आणला, आणि रोपवाटिकांची रोपे नि शेणखत वाहू लागला. नोकरी सोडल्यापासून माझे एकच पालुपद होते. तेल गेले, तूप गेले, धुपाटणे तेवढे हाती येईल!

खाण्याचे तेल डीझेलच्या जवळजवळ दहापट दाट. पंपाला ते ओढवत नाही आणि नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही. म्हणून आप्पाच्या ट्रकला दोन टाक्या आहेत. गाडी सुरू करायची डीझेलवर. रेडिएटरचे पाणी तापले की तेच पाणी नळीने तेलाच्या टाकीतून फिरते, तेल पातळ होते. मग कॉक फिरवायचा. गाडी बंद करण्यापूर्वी पुन्हा थोडा वेळ डीझेल. नाहीतर पंपात राहिलेले तेल रात्रीच्या गारठ्याने दाटते आणि सकाळी गाडी हूं की चूं करीत नाही.

गेल्या वर्षी दिवाळी सरली आणि ट्रकला धाप लागू लागली. सपाटीला ठीक, पण खिंडीच्या चढावर, माल भरलेला असताना, गचके देत बंद. दहा मिनिटे उभी केली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू! आप्पाने दोनदा फिल्टर बदलला; जुना फिल्टर स्वच्छच निघाला. एका गॅरेजवाल्याने निदान केले, "पंप गेला." पंपाचा खर्च म्हणजे आप्पाची दोन महिन्यांची कमाई. दोनदा रोपे वाटेत सुकली, गिऱ्हाईक तुटले. मार्गशीर्षात त्याने ट्रक विकायचे ठरवले. घेणारा रविवारी यायचा होता. "मी तेव्हाच सांगत होतो," हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा म्हटले असेल, देव जाणे.

शनिवारी आप्पाने गावातल्या एका वयस्क मिस्त्रींना बोलावले. मीही गेलो होतो.

"पंपाला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी," मिस्त्री म्हणाले. "डीझेलवर चढ चढते का?"

माल भरून डीझेलवर नेली. झोकात चढली.

"म्हणजे पंप आणि नोझल निर्दोष. आजार कॉकच्या अलीकडे, तेलाच्या बाजूला."

मग फिल्टरच्या आधी त्यांनी पारदर्शक नळी बसवली. बुडबुडे दिसेनात, म्हणजे जोडातून हवा शिरत नव्हती. टाकी हाताला गरम लागत होती.

मी शहाणपणाने विचारले, "मिस्त्री, गारठ्याने तेल दाटत असेल का?"

"प्रोफेसरसाहेब, दाटलेलं तेल दहा मिनिटं उभं राहून पातळ होतं का? आणखी दाटेल!"

मी गप्प बसलो. त्यांनी फिल्टरकडची नळी सोडली आणि हवेच्या पंपाने उलटी, टाकीकडे हवा मारली. क्षणभर हवा अडली, मग टाकीत गुडगुडली. मिस्त्री हसले. "काहीतरी नळीच्या तोंडाला चिकटतंय आणि सुटतंय. चढावर इंजिन जास्त तेल ओढतं, तेव्हा ते घट्ट बसतं. गाडी थांबली की गळून पडतं. टाकी रिकामी करा."

तेल फडक्यातून गाळले. फडक्यावर उरला नखाएवढा, तिकोनी, प्लास्टिकचा तुकडा.

"हे काय?" आप्पाने विचारले.

मला ते पाहताक्षणी कळले होते. तेलाच्या पिशवीचा कापलेला कोपरा! तो कात्रीने कापून तिथेच टाकण्याची माझी सवय सौ.ला वीस वर्षे छळते आहे. दिवाळीत मी तेलाचा डबा घेऊन सूसला गेलो, तेव्हा आप्पा घरी नव्हता. एरवी तो तेल पंधरा दिवस निवळू देतो, वरचेवर काढतो, आणि थंडच गाळतो. गरम तेलातून थिजणारा अंश फडक्यातून निसटतो म्हणून. मी मात्र उदार मनाने सबंध डबा थेट टाकीत उपडा केला होता.

"आप्पा," मी म्हटले, "तो माझा आहे."

तो बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दादा, रविवारच्या माणसाला फोन तूच कर."

मी केला. ट्रक अजून खिंड चढतो आहे.

वाचकहो, उरलेले तेल मोरीत ओतू नका. थिजून मोरी तुंबते. आपल्या मोटारीतही ओतू नका. नव्या इंजिनांची नाजूक नोझले ते सोसत नाहीत. निवळून, गाळून, नेणाऱ्याच्या हाती द्या.

यंदाचा आमचा डबा तयार आहे. पिशवीला कात्री मात्र सौ.ने लावली.