व्युत्पत्तीचा जुलूम

शब्दाचे मूळ सापडले की अर्थ सापडला, ही मराठी समीक्षेतील आणि स्थानिक इतिहासलेखनातील समजूत मुळातूनच तपासावयास हवी. जयगडचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणच्या पलीकडील बंदरांची यादी येते. तीतील ‘मेलिझैगर’ म्हणजे शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड, असे काही अभ्यासकांनी सुचविले. काहींनी त्यासाठी जंजिरा पुढे केला. परंतु जयगडचा किल्ला विजापूरकरांच्या अमदानीत, सोळाव्या शतकात उभा राहिला असे मानतात. पहिल्या शतकातील नावाच्या शेवटी ‘गड’ ऐकणाऱ्या कानाला हे अंतर जाणवू नये, हे आश्चर्यच.

याच यादीच्या अखेरीस ‘तुरान्नोसबोआस’ हे नाव आहे. त्यात ‘तुरान्नोस’ हा सत्ताधीशवाचक ग्रीक शब्द जसाच्या तसा दिसतो. म्हणून कोकणात कोणी ग्रीक जुलूमशहा नांदत होता काय? शॉफच्या १९१२च्या इंग्रजी भाषांतरात येथे ‘औरान्नोबोआस’ आहे. कॅसनच्या १९८९च्या आवृत्तीत ‘तुरान्नोसबोआस’च आहे. परक्या नावात आपला शब्द ऐकण्याची खोड केवळ आपलीच नाही, एवढेच यावरून फार तर म्हणता येईल.

खुद्द ‘तुरान्नोस’ही मूळचा ग्रीक नसावा, तो आशिया मायनरमधून, बहुधा लिडियातून आला असे मानले जाते. इसवी सनपूर्व सातव्या शतकातील कवी आर्किलोकस याच शब्दकुळातील ‘तुरान्निस’ हा शब्द लिडियाच्या गायगीजच्या संदर्भात योजतो. त्या काळी त्यात निंदा अपरिहार्य नव्हती. वारशाच्या रूढ मार्गाने न येता सत्ता हाती घेतलेला, असा अर्थ पुढे रूढ झाला. प्लेटो-ॲरिस्टॉटल यांनी त्याला ‘बासिलेउस’चा, म्हणजे न्याय्य राजाचा, प्रतिपक्ष बनविले. हा सारा अर्थ वापरातून घडला. लिडियाकडे बोट दाखवून त्यातील काहीच उलगडत नाही.

या बेफिकिरीची किंमत वाङ्मयाला मोजावी लागते. सोफोक्लीजच्या नाटकाचे रूढ शीर्षक ‘ओयदिपौस तुरान्नोस’. लॅटिनने त्याचे ‘रेक्स’ केले आणि पु. ल. देशपांडे यांच्या १९७९च्या रूपांतराचे नावही ‘राजा ओयदिपौस’ असेच आहे. शीर्षक नाटककाराने दिले की उत्तरकालीनांनी, हा वाद बाजूला ठेवला तरी संहितेत ओयदिपौससाठी हा शब्द येतो. कोडे सोडवून थीब्जची गादी मिळविणारा हा परका पुरुष ‘तुरान्नोस’ आहे. जन्मरहस्य उलगडल्यानंतर मात्र कोरस त्याला ‘बासिलेउस’ म्हणतो. तो मूळचाच वारस निघतो आणि त्याच क्षणी उद्ध्वस्त होतो. शोकात्मिकेची गाठ या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे. ‘राजा’ हे अंतर पुसतो. ‘जुलमी’ ते खोटे ठरवितो.

नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. मिनँडरच्या नाण्यांवर एका बाजूस ‘बासिलेउस’ची षष्ठी, तर दुसरीकडे ‘महाराजस’ असे. नहपानाच्या नाण्यांवर लिपी ग्रीक, पण शब्द प्राकृत ‘राञो’चाच. कोणता शब्द भाषांतरित करावा आणि कोणता तसाच ठेवावा, याचा निर्णय त्या टांकसाळींना घ्यावाच लागला. मराठी समीक्षा तो निर्णय कोशावर सोपवून मोकळी होते.