बोटांची शाळा, पण कुणाच्या अंगावर?

परवा भाचीचा फोन आला. ती यवतमाळला जीएनएम करतेय, सध्या लेबर रूमची ड्युटी आहे. "मावशी, आज मला पीव्ही करायला मिळाली!" आवाजात केवढा आनंद! पीव्ही म्हणजे बाळंतिणीची आतून तपासणी. दोन बोटांनी पिशवीचं तोंड किती उघडलंय ते बघायचं. (नातेवाईक मंडळी, विषय हाच आहे. अवघडल्यासारखं वाटलं तर थोडं वाटू द्या, टेबलावरच्या बाईला तुमच्यापेक्षा जास्त वाटतं.)

मी विचारलं, "तुझ्याआधी कितीजणींनी बघितलं होतं?"
"चौघींनी."
"आणि तिला विचारलं होतं का?"
फोनवर शांतता.

तिला काय बोलणार म्हणा, मीही तशीच शिकले. पंचवीस वर्षांपूर्वी, याच जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात. पोडावरून आलेली एक कोलाम बाई होती, पहिलटकरीण. मराठी तुटक यायचं तिला. आम्ही मुली रांगेनं उभ्या. तिसरी-चौथी झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाई, अजून किती जनी पाहतीन?" कुणी उत्तर दिलं नाही. माझा नंबर आला. बोटांना कुठेच कड लागेना, सगळीकडे गुळगुळीत डोकं. मी छातीठोकपणे सांगितलं, "सिस्टर, फुल आहे." झालं! "जोर लाव, जोर लाव" सुरू. तासाभरानं डॉक्टरांनी बघितलं तर तोंड पार मागे होतं, जेमतेम तीन सेंटीमीटर. मला लागलं होतं ते बाळाच्या डोक्यावर ताणलेलं पिशवीचं पातळ अस्तर. खऱ्या कळा सुरू व्हायच्या आधीच ती बाई थकून गेली होती. पुढे बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली, म्हणून कुणी काही बोललं नाही. माझं काय चुकलं हेही कुणी सांगितलं नाही. ते मला फार नंतर पुस्तकात सापडलं.

माझं भांडण इथेच आहे. "मुलींनी शिकायचं कुठे मग?" असं म्हणून जी रांग लावली जाते, त्या रांगेत कुणी शिकतच नाही. जर्नल भरतं फक्त. आपल्या बोटाला जे लागलं ते बरोबर की चूक, हे लगेच कुणीतरी जाणत्या हातानं पडताळून सांगितलं तरच शिकणं होतं. नाहीतर पाचजणींचे पाच अंदाज, आणि त्रास एकीला.

हा त्रास नुसता लाजेचा नाही. व्हिएन्नात 1847 साली सेमेलवाइस या डॉक्टरनं दाखवून दिलं की प्रेतं चिरून थेट बाळंतिणींना तपासायला येणाऱ्यांच्या हातांनीच तापाचं विष आत जात होतं. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्यानं कमी झाले. आज हातमोजे आहेत, मान्य. पण पाणमोट फुटल्यावर जितक्या वेळा बोटं आत, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतोच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय : पाच सेंटीमीटरच्या पुढच्या जोराच्या कळांत सगळं ठीक चालू असेल तर दर चार तासांनी एक तपासणी पुरे. चार तासांत एक, एका तासात पाच नव्हे!

आणि या बायका कोण आहेत? गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची पाहणी केली होती, 1989 मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी बायकांची आयुष्यातली पहिली तपासणी ही ऐन कळांत, अनोळखी मुलींच्या रांगेसमोर होत आली असणार. पैसे भरून खाजगीत जाणाऱ्या बाईच्या पायाशी अशी रांग लागलेली मी तरी पाहिली नाही. फुकट उपचार म्हणजे शरीर सार्वजनिक, असं कुठल्या कागदावर लिहिलंय?

कागदावर तर उलटंच आहे. रुग्णाला समजावून संमती घ्या, हे सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत घरची एक बाई असू द्या, हे केंद्रानं 2016 मध्ये सांगितलं. 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात आडोसा आणि सन्मानाची वागणूक आहे. भिंतीवर पोस्टरही असतं. त्याच भिंतीखाली रांग उभी असते.

"गर्दीत विचारायला वेळ कुठेय?" असं म्हणतात. "ताई, मी शिकतेय, एकदा तपासू का?" याला दहा सेकंदही लागत नाहीत. चार फालतू तपासण्या वाचल्या तर वेळ उरेलच. "बायका नाही म्हणतील." काही म्हणतील, तो त्यांचा हक्क. पण माझा अनुभव असा की नाव घेऊन विचारलं तर बहुतेकजणी हो म्हणतात.

आणि शिकायचं कसं, तर आधी मॉडेलवर. तेही नसेल तर पुठ्ठ्याला एक ते दहा सेंटीमीटरची भोकं पाडा आणि डोळे मिटून ओळखा. आपली दोन बोटं किती फाकली की किती सेंटीमीटर होतात, हे पट्टीनं मोजून ठेवा. मग एका बाईमागे एकच मुलगी, कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत. तिनं तपासावं, तिथेच सिस्टरनं पडताळावं. मधल्या चार तासांत तिनं पाठ चोळावी, पाणी द्यावं, चेहरा आणि श्वास बघावा. कळा कुठवर आल्यात हे त्यातूनही कळायला लागतं.

हे सगळं भाचीला सांगितलं. काल तिचा मेसेज आला : "आज विचारलं. बाई नको म्हणाली. मग नाही केली, पाठ चोळत बसले. सिस्टर रागावल्या, जर्नल कसं भरणार म्हणून."

भरेल गं. एक केस उशिरा लिहिली म्हणून काही बिघडत नाही.