निसर्गऋण फेडायचे तर वाशीपासून

नाशिक, जुन्नर, सातारा परिसरातील शेतांतून निघालेला भाजीपाला रात्री वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत उतरतो आणि उजाडता उजाडता मुंबई-ठाण्याच्या स्वयंपाकघरांकडे रवाना होतो. मागे उरतात पाला, देठ आणि नासक्या फळांचे ढीग. आपण त्यास कचरा म्हणून मोकळे होतो. वस्तुतः ते इंधन आहे. आणि त्याहूनही अधिक, ते शेताचे देणे आहे.

हे देणे कसे फेडावे, याचे शास्त्र खाडीच्या पलीकडे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सिद्ध झाले. तेथील शास्त्रज्ञ डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या संयंत्राचे नावच ‘निसर्गऋण’ आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या समाजाला या नावाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ओला कचरा दळून त्याचा लगदा करायचा. पहिल्या टाकीत गरम पाण्याच्या साहाय्याने उष्णताप्रिय जिवाणूंकडून तो अर्धवट पचवून घ्यायचा. मग हवाबंद टाकीत मिथेन निर्माण करणाऱ्या जिवाणूंच्या स्वाधीन करायचा. चुलीसाठी वायू मिळतो आणि उरलेला साका उत्तम खत असतो. माथेरानसारख्या डोंगरावरील गावानेही हा प्रयोग स्वीकारला.

हे ज्ञान परकीयांकडून उसने आणलेले नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 साली मैल्यापासून वायू तयार केला जात होता. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस गावोगावी नेला. पुढे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली: शेणातील बरीचशी ऊर्जा जनावराने आधीच पचवलेली असते, तेव्हा खरकटे, पिष्टमय अन्न थेट टाकीत घातले तर कितीतरी कमी मालात आणि कमी वेळात वायू मिळतो. या कार्यास 2006 साली ब्रिटनमधील ॲशडेन पुरस्कार लाभला. (आपल्या शास्त्रज्ञाची ओळख आपल्याला बहुधा विलायतेमार्गेच पटते!)

मग अडते कोठे? केंद्र सरकारने 2018 मध्ये ‘सतत’ योजनेद्वारे देशभर 5000 जैववायू प्रकल्पांचे उद्दिष्ट ठेवले. ठरल्या मुदतीत आपण त्याच्या जवळपासही पोचलो नाही. भांडवल, बाजारपेठ ही कारणे आहेतच. परंतु नागरी प्रकल्पांचा खरा घात मिश्र कचरा करतो. करवंट्या, हाडे आणि प्लास्टिक यांना जिवाणू दाद देत नाहीत. यंत्रे मात्र बंद पडतात.

नवी मुंबईने स्वच्छ सर्वेक्षणात 2020 मध्ये देशात तिसरा क्रमांक मिळविला, याचा अभिमान जरूर बाळगावा. कोपरखैरण्याच्या जुन्या कचराभूमीवर महानगरपालिकेने निसर्ग उद्यान फुलविले, तेही कौतुकास्पदच. तथापि पुरलेला ओला कचरा वर्षानुवर्षे मिथेन सोडत राहतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापमानवाढ घडवितो. टाकीत कोंडला तर तोच अन्न शिजवतो. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाने घरचे इंधन जमिनीत पुरावे, हे कोणत्या स्वदेशीत बसते?

म्हणूनच प्रारंभ वाशीच्या बाजारापासून व्हावा. तेथील पाला घरोघरच्या कचऱ्याप्रमाणे निवडावा लागत नाही. तो एका जागी, मोठ्या प्रमाणावर आणि बहुतांशी निर्भेळ मिळतो. बाजार समिती आणि महानगरपालिका यांनी तो कोणाच्या हद्दीत पडतो या वादात न पडता, त्यातील शक्य तेवढा भाग बाजाराच्या आवारातच पचविण्याची कालबद्ध योजना जाहीर करावी. आणि एवढ्यावर थांबू नये. वायूची चर्चा सगळेच करतात, खताचा हिशेब कोणी मांडत नाही. शेतातून दररोज गाड्या भरून सत्त्व शहरात येते. परत काय जाते? सेंद्रिय कर्ब घटत चाललेल्या जमिनीत शेतकरी महागडी रासायनिक खते ओततो, आणि त्याच्याच मालाचे देठ येथे कुजतात. साका वाळवून, तपासून, भाजी उतरवून परतणाऱ्या गाड्यांतून शेतकऱ्याकडे धाडण्याची व्यवस्था उभी राहिली, तरच ‘ऋण’ हा शब्द सार्थ होईल.

राहिला प्रश्न घरांचा. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपली कुटुंबे तेच अन्न प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून फेकतात. गणेशोत्सवात मात्र आपण निर्माल्य न चुकता वेगळ्या कलशात घालतो. दहा दिवस जमते ते वर्षभर का जमू नये? संघाच्या ‘पंच परिवर्तना’त पर्यावरण आणि नागरिक कर्तव्य हे दोन्ही विषय आहेत. वाशी, नेरूळ, ऐरोलीतील स्वयंसेवकांनी आपापल्या सोसायटीच्या पुढील सभेत ओल्या कचऱ्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावयास लावावा आणि तो कोठे जातो, हे सचिवांना लेखी विचारावे.